ग्रेट नवरा वगैरे काही नसतं!

"किती मोठ्या मनाचा आहेस रे तू!" लग्नाला तीन वर्षं झाली आणि हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता चीड येते. बोलणारे वाईट नसतात हो. मावशी असते, काकू असतात, ऑफिसातला टीम लीडही असतो. कारण काय, तर माझ्या बायकोला एपिलेप्सी आहे. साध्या भाषेत, फिट्स येतात. आणि हे आधीपासून माहीत असूनही मी तिच्याशी लग्न केलं.

आता या कौतुकाचा अर्थ लावून बघा. दुकानदाराने डाग दाखवून माल विकला, गिऱ्हाईकाने तरी घेतला, म्हणून गिऱ्हाईक थोर! यात माझी बायको कुठे आहे? ती उत्तम टेस्टर आहे, माझ्याहून जास्त पगार घेते आणि चहा मिळेपर्यंत माणसात नसलेल्या नवऱ्याला रोज सकाळी सहन करते. तिला कुणी ग्रेट म्हटलेलं मी तरी ऐकलेलं नाही. आणि हाच आजार मला असता तर? तिला ऐकावं लागलं असतं, "नशीब एकेकीचं, सांभाळून घ्यायचं." नवऱ्याने केलं की त्याग, बायकोने केलं की कर्तव्य. वा रे हिशोब!

बरं, आजार तरी काय? मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या बारीक संदेशांनी बोलतात. कधीतरी खूपशा पेशी एकदम भडकतात आणि फिट येते. ही बाधा नाही, वेड नाही, संसर्ग तर नाहीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे नीट औषधोपचार मिळाले तर ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण फिट्सशिवाय जगू शकतात. आम्ही उरलेल्यांत. गेल्या वर्षी दोन फिट्स आल्या, साधारण दोन-दोन मिनिटांच्या. म्हणजे चार मिनिटं. आपल्या धंद्यात ९९.९९९ टक्के अपटाइम म्हणजे वर्षाला सव्वापाच मिनिटं बंद. बायको त्यात बसते, आमचा सर्व्हर बसत नाही :-) नंतरची गुंगी, अंगदुखी, एकेक दिवसाची सुट्टी धरा. तरी ३६३ दिवस उरतातच ना? पण लोक तिला त्या चार मिनिटांवरूनच ओळखणार.

कायदासुद्धा बराच काळ असाच वागला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली दुरुस्ती झाली आणि वारंवार येणाऱ्या वेडाच्या झटक्यांच्या पंक्तीला एपिलेप्सी जाऊन बसली. लग्नाच्या आड येणारी गोष्ट म्हणून! तो शब्द काढायला १९९९ साल उजाडलं. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्पष्ट सांगितलं की हा असाध्य आजार नाही, मानसिक विकारही नाही आणि यावरून घटस्फोट मागता येणार नाही. कायदा सुधारला. आपले दिवाणखाने कधी सुधारणार?

कारण आजही सल्ला एकच. "सांगू नका, लग्न मोडेल." मला आईबापांची भीती कळते. सांगितल्यावर काही स्थळं परत जातात, हे खरं आहे. जाऊ देत की! लपवल्यावर काय होतं ते बघा. नवी नवरी बाथरूममध्ये लपून गोळ्या घेते, पाहुण्यांच्या गर्दीत एखादी चुकते. मेंदी, संगीत, पहाटेचा मुहूर्त, गोंधळ... चार-चार रात्री झोप नाही. जागरण आणि चुकलेली गोळी, फिट यायला आणखी काय लागतं? सगळ्यांसमोर फिट आली की भांडण आजाराचं राहत नाही, फसवणुकीचं होतं. छत्तीस गुण जुळवणाऱ्यांना एक प्रिस्क्रिप्शन दाखवता येत नाही?

आणि सांगितल्यावर जगायला लागतं ते काही महान नसतं. घराघरात असते तशीच व्यवस्था असते. रात्री अकराला झोप म्हणजे झोप. रात्रीचं डिप्लॉयमेंट असेल तर मी बसतो, ती नाही. बाथरूमला आतून कडी लावायची नाही. गाडी मी चालवतो. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी पुढची पाकिटं घरात. मूल हवं असेल तर आधी न्यूरॉलॉजिस्ट, मग बाकी सगळं. व्हॅल्प्रोएटसारखं औषध गर्भाला घातक ठरू शकतं. मात्र कुठलीही गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, त्याने फिट्स आणखी वाढतात.

यात एक धोका आहे आणि तो 'ग्रेट' नवऱ्यांनाच जास्त. काळजीचा पहारा व्हायला वेळ लागत नाही. दर दहा मिनिटांनी "बरी आहेस ना?", मैत्रिणींबरोबर ट्रिप नको, भांडण नको, कारण तिला ताण येईल. अरे, जिच्याशी भांडताही येत नाही ती बायको कसली, ती तर पेशंट झाली! आम्ही कडाक्याचे भांडतो. फक्त रात्री अकराच्या आत संपवतो.

तुम्हाला काही करायचंच असेल तर एवढं पाठ करा. समोर कुणाला फिट आली तर घड्याळ बघा. आजूबाजूच्या टोकदार वस्तू सरकवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, कुशीवर वळवा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. दाबून धरू नका. कांदा आणि चप्पल आपापल्या जागी राहू देत. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा लागोपाठ दुसरी आली तर १०८. थांबली तर माणूस पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत शेजारी बसा.

हे शिकायला दोन मिनिटं लागतात. मोठं मन लागत नाही.