परतलेल्या वीराचे व्रण

घरातील मुले अमेरिकन चित्रकथा वाचतात, तेव्हा वीराच्या मरणाने त्यांचे डोळे ओलावत नाहीत. "तो परत येईलच," असे ती निश्चिंतपणे सांगतात. आणि त्यांचे चुकतही नाही. 1992 साली सुपरमॅनला मरण आले, 1993 साली तो परतलाही. ज्या मरणाचे भयच उरले नाही, त्यातून कथेला रस कोठून येणार?

तथापि प्रत्येक पुनरागमन वाईटच, असे आम्ही म्हणणार नाही. बॅटमॅनचा किशोरवयीन साथीदार जेसन टॉड याने जगावे की मरावे, हे 1988 साली वाचकांनी दूरध्वनीवरून मते देऊन ठरविले. अवघ्या 72 मतांच्या फरकाने तो मारला गेला. 2005 साली तो परतला, तो मनात शल्य घेऊनच : माझा मारेकरी अजून जिवंत कसा? येथे मरण पुसले गेले नाही. म्हणूनच ही कथा मनाला भिडते.

पुनरुत्थित प्रभूच्या हातांवरही खिळ्यांचे व्रण होतेच. तेव्हा मुलांच्या हातातील पुस्तक हिसकावून घेऊ नये. परतलेल्या वीराने मरणातून सोबत काय आणले, एवढेच त्यांना विचारावे.