आधी सांगू द्या, मग लिहायला लावा

'माझा आवडता प्राणी' या विषयाच्या वह्या तपासायला घेतल्या, की पहिल्या पाचही वह्यांत एकच गाय भेटते. चार पाय, दोन शिंगं, गाइडातून आलेली. तीच मुलं मधल्या सुट्टीत मात्र रंगात येऊन सांगत असतात, रात्री वावरात रानडुकरं कशी घुसली, जागलीला गेलेल्या बाबांनी ती कशी हाकलली. म्हणजे गोष्ट मुलांजवळ आहे, ती वहीपर्यंत पोचत नाही.

मला वाटतं, आपण क्रम उलटा करतो. आधी लिहायला लावतो आणि सांगायला वेळच देत नाही.

व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी गावोगावी कथाकथन केलं. पुढे तिघंही साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले : माडगूळकर १९८३ला अंबाजोगाईला, पाटील १९८५ला नांदेडला, मिरासदार १९९८ला परळीला. एवढ्या मोठ्या लेखकांनी सांगण्याला कमी लेखलं नाही. गोष्ट सांगताना समोरचा चेहरा दिसतो. कुठं लांबलं, कुठं हसू आलं, ते लगेच कळतं. मुलांनाही हे सांगूनच कळेल.

वाचनाचंही तसंच. माडगूळकरांचं शालेय शिक्षण अर्धवट राहिलं, पण वाचन थांबलं नाही. त्यांच्या 'बनगरवाडी'चा (१९५५) नायक तर एकशिक्षकी शाळेचा तरुण मास्तर आहे. आपण १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन साजरा करतो, फोटो काढतो आणि दुसऱ्या दिवशी कपाटाला कुलूप! पुस्तकं फाटली तरी चालतील, पण ती मुलांच्या हाताला लागली पाहिजेत.

आता भाषेचं. मुलानं 'सांबार' लिहिलं की आपण लाल पेनानं 'कोथिंबीर' करतो. उद्धव शेळके यांनी 'धग'मध्ये (१९६०) माणसांच्या तोंडी वऱ्हाडीच ठेवली, म्हणून कौतिक खरी वाटते. परीक्षेला प्रमाण भाषा लागते, हे मान्य. म्हणून निवेदन प्रमाण भाषेत शिकवू, पण आजी बोलली ते आजीच्याच शब्दांत राहू द्या. आपल्या जिल्ह्यात घरी कोलामी, गोंडी, बंजारा बोलणारी मुलंही आहेत. त्यांना आधी घरच्या बोलीत सांगू दिलं, तर ती मराठीतही धीटपणे लिहितील.

शिक्षक मित्रांनो, शनिवारी फक्त १० मिनिटं काढा. दोन मुलांनी गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. मग सांगितलं तसंच पाच ओळी लिहायचं. शुद्धलेखन दुसऱ्या वाचनात बघा.

आणि पालकहो, रात्री जेवताना मोबाइल बाजूला ठेवा. पोरगं काही सांगत असेल तर "गप जेव" म्हणू नका, "मंग काय झालं?" एवढंच विचारा. उद्याचा निबंध तिथंच तयार होत असतो.