लेक ‘इमर्जन्सी’ निवडते तेव्हा

एमबीबीएस झाले, बारा महिन्यांची इंटर्नशिप संपली की घरात पुढच्या शिक्षणाची चर्चा सुरू होते. मुलगी असेल तर खाला-मामूंचा सल्ला ठरलेला: त्वचारोग घे, डोळ्यांचे घे, रात्रीची दगदग नको. माझ्या एका माजी विद्यार्थिनीच्या अम्मी याच काळजीने भेटल्या. लेकीला इमर्जन्सी मेडिसिन करायचे आहे. “टीचर, हे कॅज्युअल्टीत बसायचेच काम ना? त्याची वेगळी डिग्री असते का?”

असते. मेडिकल कौन्सिलने 2009 साली या विषयाला स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता दिली. एमडी तीन वर्षांचे असते. राष्ट्रीय परीक्षा मंडळाची डीएनबी हाही एक मान्य मार्ग आहे.

या शाखेत पेशंट आजाराचे नाव सांगत येत नाही. छातीत कळ, सर्पदंश, अपघात, फिट आलेले मूल, सारे एकाच दारातून येतात. कोणाला आधी पाहायचे हे काही क्षणांत ठरवावे लागते. मोठ्याने ओरडणाऱ्याचा श्वास निदान चालू तरी असतो; गप्प पडलेल्याकडे आधी धावावे लागते. श्वासनलिकेत नळी घालणे, बंद पडलेले हृदय सुरू करण्याची धडपड, सोनोग्राफीने पोटातला रक्तस्राव शोधणे हे सारे रेसिडेंट शिकते. भूल, अतिदक्षता, बालरोग, अस्थिरोग अशा विभागांतही तिला काम करावे लागते. सोबत प्रबंध असतो आणि तीन महिने जिल्हा रुग्णालयातली सेवा असते.

प्रवेश नीट-पीजीच्या गुणांवर मिळतो. प्रश्न 200, गुण 800. बरोबर उत्तराला चार मिळतात, चुकले तर एक जातो. पुढे सरकारी कॉलेजांतल्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात, महाराष्ट्राच्या वाट्याच्या जागा राज्याच्या सीईटी कक्षातून. मुलाखत नसते, शिफारस चालत नाही. रँक आणि पसंतीक्रम, एवढेच. म्हणून पसंतीक्रम भरताना घाई नको.

भगिनींनो, खरी सावधगिरी इथेच हवी. काही खासगी हॉस्पिटले याच विषयाचे स्वतःचे कोर्स चालवतात. नाव भारदस्त असते, शिकायलाही मिळते. पण ती एमडी किंवा डीएनबी नव्हे. पुढे मेडिकल कॉलेजात शिकवायचे असेल तर तो कागद उपयोगी पडत नाही. फी भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मान्यतेची ही पदवी आहे का? उत्तर तोंडी घेऊ नका, लेखी घ्या. बाँड किती वर्षांचा, स्टायपेंड किती, तेही आधीच पाहा. आणि त्याच विभागात शिकणाऱ्या एखाद्या रेसिडेंटशी लेकीला बोलू द्या. शिकवणारे सीनियर रात्री हजर असतात का, हे तीच सांगेल.

राहिला रात्रीचा प्रश्न. ड्यूटी पाळीने असते; रात्र, ईद, इफ्तारची वेळ, काहीही वाट्याला येते. 2023 च्या नियमांत विश्रांतीला पुरेसा वेळ, कामाच्या गरजेनुसार आठवड्याची सुट्टी आणि वर्षाला किमान 20 दिवसांची पगारी रजा लिहिली आहे. प्रत्यक्षात ती किती मिळते, हेही त्या रेसिडेंटलाच विचारा. मात्र रात्र टाळायची म्हणून शाखा बदलण्यात फारसा अर्थ नाही. प्रसूतिशास्त्र तर आपण मुलींसाठी आनंदाने निवडतो. बाळे काय दिवस पाहून जन्मतात?

घराने करायचे ते साधे आहे. रात्रपाळीहून आलेल्या लेकीला झोपू द्या, पाहुणे आले म्हणून उठवू नका. तिच्या हातून पेशंट गेला तर त्या दिवशी लग्नाचा विषय काढू नका. आणि स्थळ पाहताना तिच्या ड्यूटीची गोष्ट लपवू नका, पहिल्याच बैठकीत सांगा. ज्या घराला ती चालत नाही, ते घर आधी कळलेले बरे.