गुलाबी रंगावर जाऊ नका



आपल्या वस्त्यांतील मुलेमुली आज नर्सिंगला, लॅब टेक्निशियनच्या कोर्सला, डॉक्टरीलाही जातात. घरात विचारायला कोणी नाही, म्हणून बिचारी जर्नलमधली आकृती घोकतात. प्रात्यक्षिक परीक्षेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की सगळेच गुलाबी! अरेखित स्नायू ओळखताना तर हमखास गुण जातात.

हे स्नायू आपल्या हुकमाबाहेर चालतात. आतडे, मूत्राशय, गर्भाशय, रक्तवाहिन्या, श्वासनलिका यांच्या भिंतींत ते असतात. बाळंतपणाच्या कळा त्यांच्याच, आणि दम्यात श्वासनलिका आवळतात तेही हेच.

यांची पेशी सूत भरलेल्या चातीसारखी असते. मध्ये फुगीर, दोन्ही टोके निमुळती. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्याचे दार आपल्यासाठी बंद होते, पण रिंग खात्यात आपल्या माणसांनी आयुष्ये काढली. घरात असे आजोबा असतील तर चाती कशी असते ते त्यांनाच विचारा.

नेहमीच्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिन रंगात केंद्रक निळे-जांभळे आणि बाकी गुलाबी दिसते. तंतुमय संयोजी ऊतीही गुलाबीच, म्हणून रंगाचा भरवसा धरू नका. केंद्रक कोठे आहे ते पाहा. स्नायूत ते पेशीच्या आत, मधोमध, लांबट असते; पेशी आकुंचन पावलेली असेल तर स्क्रूसारखे पिळलेले दिसते. संयोजी ऊतीत केंद्रके बारीक रेघेसारखी, तंतूंच्या मधल्या फटीत दबलेली असतात. आडव्या रेषा दिसल्या तर ते अरेखित स्नायूच नव्हेत. हाडाला जोडलेल्या स्नायूंत आणि हृदयात त्या रेषा असतात.

आतड्याची स्लाइड नीट पाहावी. तेथे या स्नायूंचे दोन थर असतात, आतला आतड्याभोवती वेढलेला आणि बाहेरचा लांबीच्या दिशेने. आतडे आडवे कापले की आतल्या थरातील पेशी लांबट दिसतात, बाहेरच्या थरातील गोल. हे गोल लहानमोठे असतात, कारण कोणती पेशी मध्यावर कापली जाते, कोणती टोकाशी. केंद्रक मोठ्या गोलांतच सापडते, तेही सर्वांत नाही. मुले नेमकी येथे घाबरतात आणि लिहिलेले बरोबर उत्तर खोडतात. खोडू नका.

आम्ही कारकून मंडळी एका आकड्यावर हिशेब मंजूर करीत नाही. तसेच येथेही निदान दोन खुणा जुळल्या पाहिजेत, आणि उत्तरात नावाखाली त्या दोन्ही लिहा.