नोटरीच्या शिक्क्याआधी परीक्षा का हवी?

तहसील कार्यालय असो वा न्यायालयाचे आवार, नोटरीच्या टेबलाभोवती गर्दी असतेच. प्रतिज्ञापत्र, मुखत्यारपत्र, करारनामा अशा कागदांवर तिथे शिक्का उमटतो. नोटरीने साक्षांकित केलेले मुखत्यारपत्र विरुद्ध पुरावा येईपर्यंत न्यायालय खरे मानते. इतके वजन असलेला शिक्का हाती देण्यापूर्वी आपल्याकडे लेखी परीक्षा मात्र घेतली जात नाही.

भारतात निकष काय?
नोटरी कायदा १९५२ चा, त्याखालील नियम १९५६ चे. वकिलाला नोटरी होण्यासाठी साधारण १० वर्षांची वकिली लागते. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्गीयांसाठी ही अट ७ वर्षांची आहे. म्हणजे भर अनुभवावर आहे.

कॅलिफोर्नियात काय होते?
अमेरिकेतील या राज्यात नोटरी होण्यासाठी वकील असणे गरजेचे नाही. पण नव्या उमेदवाराला ६ तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागते, लेखी परीक्षेत ७० टक्के गुण मिळवावे लागतात आणि बोटांचे ठसे देऊन पार्श्वभूमी तपासून घ्यावी लागते. नेमणूक ४ वर्षांचीच. पुढची नेमणूक हवी असेल तर पुन्हा परीक्षा!

अनुभव पुरेसा का नाही?
दहा वर्षे फौजदारी खटले लढवलेला वकील निष्णात असेलही. पण समोरच्याची ओळख पटवणे, नोंदवही काटेकोर ठेवणे आणि मुख्य म्हणजे कोणत्या कामाला नकार द्यायचा हे ओळखणे, हे वेगळे कौशल्य आहे. विवाह किंवा घटस्फोटाची प्रतिज्ञापत्रे करणे हे नोटरीचे काम नाही, हे केंद्राच्या विधी विभागाला २०२४ मध्ये लेखी बजावावे लागले. त्यातच सारे आले.

चुकीची किंमत सामान्य माणूस मोजतो. ‘नोटरी केली आहे’ या भरवशावर गुंठा-दोन गुंठ्यांचे व्यवहार होतात. प्रत्यक्षात शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या जमिनीचे खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवल्याशिवाय मालकी मिळत नाही. महाराष्ट्रात घरभाड्याचा लिव्ह अँड लायसन्स करारही नोंदवावाच लागतो. तिथे नोटरीचा शिक्का पुरत नाही.

मग उपाय काय?
वकिली करण्यासाठी बार कौन्सिलची परीक्षा आहेच. तशीच नोटरीसाठी छोटी परीक्षा घ्यावी. कायद्याची कलमे पाठ आहेत का, यापेक्षा प्रसंग देऊन विचारावे: सही करणारा समोर नाही, कागद कोरा आहे, ओळखपत्रावरचा फोटो जुळत नाही, काय कराल? प्रमाणपत्राचे दर ५ वर्षांनी नूतनीकरण होते, तेव्हा उजळणी वर्गही ठेवता येईल.

परीक्षेने प्रत्येक गैरप्रकार थांबणार नाही. त्यासाठी नोंदवह्यांची तपासणी आणि कारवाई लागेलच. पण ‘मला माहीत नव्हते’ ही सबब तरी उरणार नाही. आयुष्यभराची पुंजी ज्या कागदावर लागते, त्यावर शिक्का मारणाऱ्याकडून एवढी अपेक्षा जास्त नाही.