सिंहासाठी उठवलेली गावे

सिंहाला दुसरे घर कोठे द्यावे, हा प्रश्न मुळात वन्यजीवशास्त्राचा. सत्ताधाऱ्यांनी त्याला प्रांताभिमानाचा प्रश्न करून टाकले, आणि त्याची किंमत मोजली ती मध्य प्रदेशातील सहरिया आदिवासींनी.

आशियाई सिंह आज जगात केवळ सौराष्ट्रात, गीर व त्याच्या आसपासच्या मुलखात मोकळा वावरतो. २०२५ च्या गणनेत त्यांची संख्या ८९१ भरली. ही वाढ आनंदाची खरी, परंतु तिने धोका टळत नाही. १९९४ साली सेरेंगेटीत डिस्टेंपर या श्वानरोगाच्या साथीने सुमारे एकतृतीयांश सिंह मेले. २०१८ मध्ये गीरच्या दलखाणिया भागात काही आठवड्यांत २३ सिंह दगावले, तेव्हा हाच विषाणू आढळला. सारा वंश एकाच टापूत कोंडलेला असेल, तर त्याला एक साथ पुरेशी आहे.

नव्या जागेसाठी नुसते रान असून भागत नाही, हेही अनुभवाने कळलेले आहे. १९५७ मध्ये उत्तर प्रदेशातील चंद्रप्रभा अभयारण्यात एक नर व दोन माद्या सोडल्या गेल्या. १९६५ पर्यंत त्यांचे ११ झाले आणि पुढे सारेच नाहीसे झाले. १९९० च्या दशकात भारतीय वन्यजीव संस्थेने राजस्थान व मध्य प्रदेशातील जागा पाहिल्या, त्या विस्तार, भक्ष्य, पाणी आणि भोवतालची वस्ती ध्यानात घेऊन. निवड कूनोची झाली.

मग १९९८ ते २००३ या काळात कूनोतील २४ गावे उठली. सुमारे दीड हजार कुटुंबे, बहुसंख्य सहरिया. डिंक, तेंदूपाने, चारोळी यांवर ज्यांची गुजराण होती त्यांना जंगलाबाहेर जमिनी मिळाल्या. पुष्कळ जमिनी खडकाळ होत्या, पाण्याची वानवा होती. हा त्याग सिंहासाठी आहे असे त्यांना सांगण्यात आले होते.

सिंह आला नाही. गुजरात सरकारने नकार दिला. १५ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांत स्थलांतर करण्याचा आदेश दिला, तोही कागदावरच राहिला. राज्यमुद्रेवर सिंह मिरवणाऱ्या देशात सिंह हा एका राज्याची मालमत्ता ठरावा, यापरता विरोधाभास कोणता! त्याच निकालाने कूनोत आफ्रिकी चित्ते आणण्यास मनाई केली होती. २०२० मध्ये न्यायालयाने प्रयोग म्हणून परवानगी दिली, आणि १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाचे ८ चित्ते मोठ्या समारंभाने तेथे उतरले. सिंहासाठी मोकळी केलेली भूमी चित्त्याला मिळाली. मोकळ्या मैदानात दूरवर भटकणाऱ्या त्या प्राण्यासाठी ती कितपत योग्य, हा वाद अभ्यासकांत अद्याप मिटलेला नाही.

आता पोरबंदरजवळचा बरडा हेच सिंहाचे दुसरे घर, असे गुजरात सरकार म्हणते. बरडाचे क्षेत्र अवघे १९२ चौरस किलोमीटर. शिवाय २०२३ च्या जानेवारीत एक नर आपल्या पायांनी चालत तेथे पोचला. सिंह जेथे चालत जातो तेथे रोगही जातो. साथीपासून दूर ठेवण्याचा हेतू तेथे सफल कसा होणार?

सिंहाचा निर्णय केंद्राने आणखी किती काळ लांबवायचा ते लांबवो. उठवलेल्या २४ गावांच्या शेतांना पाणी आणि २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार जंगलातील उपज गोळा करण्याचा अधिकार, या दोन गोष्टी मात्र सिंहाच्या येण्यावर अवलंबून नाहीत. त्या आजच दिल्या पाहिजेत.