चाकाला साखळी कशासाठी?

मुलांनो, पहिला दमदार पाऊस पडून गेल्यावर नांदगाव पेठच्या शिवारात पांदण रस्त्यानं कधी चालून पाहिलंय? दहा पावलांत चपलेखाली मातीचा जाड थर बसतो, पंधराव्या पावलाला पाय उचलत नाही आणि विसाव्याला पाय पुढे येतो, चप्पल मागेच राहते! आपली वऱ्हाडची काळी माती म्हणजे काळ्या बेसॉल्ट खडकाचा हजारो वर्षांत झालेला भुगा. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते. म्हणून उन्हाळ्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसाळ्यात हा असा चिकट लगदा. कापूस, तूर, सोयाबीन यांना ही माती मानवते, पण चाकांशी तिचं मुळीच पटत नाही.

मग एखाद्या सकाळी आरोळी येते, "अरे, ट्रॅक्टर फसला वावरात!" सगळी पोरं धावतात. मागचं भलंमोठं चाक गरगर फिरत असतं, चिखल उडत असतो आणि ट्रॅक्टर जागचा हलत नाही. उलट आणखी खाली जातो. इंजिनात ताकद भरपूर आहे, मग अडलं कुठे?

अडलं जमिनीशी. चाक पुढे जातं ते जमिनीला मागे रेटून. जमिनीनं तो रेटा सोसला पाहिजे. टायरवर जाड रबरी कंगोरे असतात ते जमिनीत रुतून पकड घेण्यासाठी. पण त्यांच्या मधल्या खाचा चिखलानं भरल्या की टायर झाला मातीचा गुळगुळीत गोळा. मग पकड कसली आणि रेटा कसला?

आता चिखलाच्या जागी बर्फ आणा. आपल्याकडे चिखलदऱ्यालासुद्धा बर्फ पडत नाही, तेव्हा कल्पनेनंच आणावा लागेल. तिथेही दुखणं तेच. सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत मोटारी नव्या होत्या आणि रस्ते कच्चे. चिखलात, बर्फात चाक फिरायला लागलं की लोक टायरला दोर गुंडाळायचे, काही जण तर चक्क वेली! न्यूयॉर्क राज्यातल्या कॅनास्टोटा गावच्या हॅरी वीड यांनी ते पाहिलं आणि दोराऐवजी लोखंडी साखळी वापरायचं ठरवलं. १९०४ साली त्यांना तिचं पेटंट मिळालं. म्हणजे पाहा, बर्फाची म्हणून ओळखली जाणारी ही साखळी चिखलाचीही लेक आहे.

दिसते कशी? जमिनीवर पसरलेली शिडी डोळ्यांपुढे आणा. दोन लांब साखळ्या आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या साखळ्या. ही शिडी आधी सपाट पसरून पीळ काढायचा. मग ती टायरवरून घालायची, आतल्या बाजूचा आकडा आधी अडकवायचा, बाहेरचा नंतर, आणि ताणून घट्ट करायची. थोडं अंतर हळू चालवून पुन्हा थांबायचं, कारण चाक फिरलं की साखळी सैल पडतेच. ती परत ताणायची. सैल साखळी तुटून उडाली तर गाडीचंच नुकसान करते. साखळ्या घालायच्या त्या इंजिन ज्या चाकांना फिरवतं त्यांना. वेग कमी ठेवायचा आणि बर्फ संपून डांबर लागलं की काढून टाकायच्या. काश्मीरमध्ये तंगमर्गहून गुलमर्गला जाताना किंवा मनालीच्या वरच्या रस्त्यांवर हिवाळ्यात हे दृश्य नेहमीचं. बर्फ फार असला की साखळी नसलेल्या साध्या गाड्यांना पोलीस पुढे सोडत नाहीत.

तुमच्यापैकी कुणाचे काका किंवा मावशी अमेरिका-कॅनडाच्या थंड भागात असतील, तर त्यांना पत्रातून किंवा फोनवर विचारा, "तुमच्याकडे लॉन ट्रॅक्टर असतो का?" हा गवत कापायचा बुटका ट्रॅक्टर, आपल्या ट्रॅक्टरपुढे अगदी पिल्लू. उन्हाळ्यात तो अंगणातलं गवत कापतो आणि हिवाळ्यात त्यालाच बर्फ लोटायला लावतात. पोटाखालची गवताची पाती काढायची, पुढे लोखंडी फाळका बसवायचा, मागच्या चाकांना साखळ्या. पण एवढ्यानं भागत नाही. पिल्लू हलकं असतं. पुढचा बर्फ रेटताना मागची चाकं घसरतात. म्हणून मागे लोखंडी वजनं नाहीतर वाळूची पोती लादतात. आणखी एक गंमत म्हणजे बर्फ पडायच्या आधीच वाटेच्या कडेनं काठ्या रोवून ठेवतात. सगळं पांढरं झाल्यावर वाट कुठे संपते आणि फुलझाडांचा वाफा कुठे सुरू होतो ते कळावं म्हणून!

वजन वाढवायची युक्ती आपल्याकडेही आहे, फक्त ती दिसत नाही. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये हवेबरोबर पाणीसुद्धा भरतात. व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणून भरलं की टायर साधारण पाऊण भरतो. एका चाकात शंभर लिटरच्या वर पाणी मावतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेव्हा दोन चाकांवर मिळून किती माणसं बसल्यासारखं झालं, ते तुम्हीच मोजा. धानाच्या बांध्यांत, भंडारा-गोंदियाकडे, लोखंडी पिंजऱ्यासारखी केज व्हील लावतात. ती चिखलात झकास चालतात, पण डांबरी रस्ता पार उखडून टाकतात. आणि गावात खोदकामाला येणारं पोकलँड? त्यालाही साखळी असतेच की! पण तिचं काम वेगळं. टायरवरची साखळी जमिनीला चावते, तर पोकलँडचा रुंद पट्टा सगळं वजन पसरून देतो, म्हणजे यंत्र रुतत नाही.

तरी जाणता शेतकरी या सगळ्याच्या आधी एक गोष्ट करतो. तो थांबतो. मूठभर माती दाबून पाहतो. हाताला चिकटत नाही, पण भुरभुरीत कोरडीही नाही, याला म्हणतात वाफसा. वाफसा नसताना ट्रॅक्टर घातला तर तो तर फसतोच, शिवाय चाकाखाली माती इतकी दाबली जाते की पुढे पिकाच्या मुळांना आत शिरणं जड जातं.

आता आई-बाबांनो, हा भाग तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवा. फसलेला ट्रॅक्टर काढायला काही जण मागच्या चाकांना आडवा ओंडका बांधतात आणि जोरात पुढे घेतात. हे अत्यंत धोक्याचं आहे! चाक ओंडक्यामुळे अडतं, पण इंजिनाची ताकद कुठेतरी जाणारच. चाक फिरत नाही, तेव्हा ट्रॅक्टरच चाकाभोवती फिरतो. तोंड वर उठतं आणि अख्खं धूड मागे उलटतं. दीड-दोन सेकंदांत सगळं संपतं. चालकाला उडी मारायलाही वेळ मिळत नाही. दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढताना साखळी उंच बांधली तरी ओढणारा ट्रॅक्टर असाच उलटू शकतो; ती खाली, ओढण्याच्या दांडीलाच बांधायची. त्यापेक्षा ट्रॉली सोडवा, चाकापुढचा-मागचा चिखल फावड्यानं काढा, खाली पऱ्हाट्या, तुराट्या टाका आणि हळूहळू रिव्हर्समध्ये, आल्या वाटेनं बाहेर घ्या. आणि पोरांनो, ताणलेली साखळी तुटली तर ती गोफणीसारखी येते. तेव्हा तमाशा पाहायचा तो लांबून, धुऱ्यावरून. मडगार्डवर बसून तर नाहीच नाही.

बाहेर आल्यावर चाकं खरडून काढायलाही सांगा. पेठेजवळच्या महामार्गावर ती काळी ढेकळं पडतात, मागून येणारी मोटारसायकल त्यावरून घसरते.

आता एक कोडं. मागच्या टायरवरचे कंगोरे मिळून बाणासारखे दिसतात. हे टोक जमिनीला आधी टेकतं आणि मग दोन्ही बाहू टेकत जातात. त्यामुळे चिखल मधून बाजूला ढकलला जातो आणि खाचा मोकळ्या होतात. आता सांगा, ओल्या मातीत उमटलेल्या ठशातला बाण ट्रॅक्टर गेला त्या दिशेला असेल की उलट? बरेच जण "त्याच दिशेला" म्हणतील. पण टोक आधी टेकलं म्हणजे ते मागे राहिलं, नाही का? ठसा बाण दाखवतो तो ट्रॅक्टर आला तिकडे. खात्री नसेल तर वावरात जाऊन पाहा, मात्र ट्रॅक्टर निघून गेल्यावर.